शहरांवर एमए करायचंय, कुठे आणि कसं? (बीए भूगोल, मराठी माध्यम)

ओढ्याकाठची

नमस्कार मंडळी, लांबलचक लिहितेय पण कुठेतरी सगळं एकदा लिहायचंच होतं.

मी यंदा भूगोल घेऊन बीए झाले, मराठी माध्यमातून. आमचं गाव एका मोठ्या शहराच्या कडेला आहे, काही वर्षांपूर्वी महापालिकेच्या हद्दीत आलं. मी चौथीत होते तेव्हा शाळेमागे उसाचं रान होतं आणि पलीकडे ओढा. आता रानात अकरा मजल्यांच्या सात इमारती आहेत आणि ओढा पाइपात गेलाय, वरून डांबरी रस्ता. पावसाळ्यात पाणी आपली जुनी वाट बरोबर शोधतं, थेट आमच्या मावशीच्या पायरीपर्यंत येतं.

तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी आणि माझा भाऊ आळीपाळीने नाक्यावर उभं राहून आठवडाभर पाण्याचे टँकर मोजले. सकाळी सहा ते रात्री नऊ. एका दिवशी १४३ भरले. यात मला चक्रावून टाकणारी गोष्ट अशी की जुन्या गावठाणात ग्रामपंचायतीच्या काळातला नळ आहे, दिवसाआड का होईना पाणी येतं. मोठ्या सोसायट्यांत नळ नाही पण टँकरला पैसे आहेत. आणि मागे गुंठ्या-गुंठ्याने घेतलेल्या प्लॉटवर जी वस्ती झालीय तिथे नळही नाही न् टँकरचे पैसेही नाहीत, बायका गावठाणात येऊन हंडे भरून नेतात. एकाच गावात तीन प्रकार. सरांनी मार्क चांगले दिले, पण इमारतीला परवानगी आधी आणि पाणी नंतर असं का होतं, आणि हे आमच्याकडेच होतं का जगात सगळीकडे, हा प्रश्न काही डोक्यातून जात नाहीये.

नेटवर शोधलं तर विकसनशील देशांतली शहरं आणि त्यांची वाढ यावर वेगळे मास्टर्स कोर्स असतात असं दिसलं, इथेही आणि परदेशातही. नगररचना वेगळं, अर्बन स्टडीज वेगळं, अर्बन पॉलिसी वेगळं, मला फरकच कळेना. बीए भूगोलवाल्याला यातलं काय मिळतं? इंग्रजीचं कसं करतात? बाबांनी ३० गुंठे विकले त्यातले थोडे पैसे माझ्या शिक्षणाला बाजूला ठेवलेत, त्यामुळे चुकीच्या ठिकाणी घालवायची भीती वाटते. कुणी केलं असेल तर सांगा प्लीज.

निवृत्त_रचनाकार

बेटा, मी नगररचनेच्या कामात उभी हयात घालवली, त्यामुळे आधी तुझ्या पाण्याच्या प्रश्नाचं सांगतो, कोर्सचं नंतर. तुझा प्रश्न कोर्सपेक्षा मोठा आहे.

गाव हद्दीत आलं म्हणजे दुसऱ्या दिवशी त्याची विकास योजना तयार होते असं नाही. महाराष्ट्रात हे सगळं १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याखाली चालतं. ही विकास योजना म्हणजे डीपी. तो करायचा म्हणजे इरादा जाहीर करा, विद्यमान जमीन वापराचा नकाशा करा, प्रारूप छापा, हरकती-सूचना घ्या, सुनावणी, मग शासनाची मंजुरी, यात वर्षंच्या वर्षं जातात. तोवर जुन्या प्रादेशिक योजनेत जो झोन दाखवलाय त्यावर बांधकाम परवानग्या चालू राहतात. पाण्याचं काय, तर बिल्डरकडून हमीपत्र घेतात की पालिकेचं पाणी येईपर्यंत सोय मी करीन. फ्लॅट विकले जातात, सोसायटी होते, बिल्डर पुढच्या साइटवर जातो आणि हमीपत्र फायलीत राहतं. तू मोजलेले टँकर तिथून येतात.

वर आणखी एक गुंता आहे. परवानगी देणारी संस्था एक आणि पाणी-रस्ते देणारी दुसरी असंही होतं. पुण्यात जून २०२१ अखेर २३ गावं महापालिकेत घेतली, पण त्यांच्यासाठी नियोजन प्राधिकरण म्हणून पीएमआरडीएला, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला नेमलं. म्हणजे नकाशा मंजूर करणार एक जण आणि गटार टाकणार दुसरा. या गावांमुळे पुणे मनपाचं क्षेत्र मुंबईपेक्षाही मोठं झालं. मग २०२४ मध्ये फुरसुंगी आणि उरुळी देवाची पुन्हा बाहेर काढून वेगळी नगर परिषद झाली. याआधी १९९७ ला ३८ गावं घेतली होती आणि त्यातलीही काही नंतर वगळली. आत घे, बाहेर काढ, यात एक अख्खी पिढी मोठी होते.

आता कोर्स. नगररचना म्हणजे एम.प्लॅन, हा व्यवसायाचा कोर्स आहे. नकाशे, जमीन वापर, वाहतूक, कायदा, स्टुडिओत बसून रात्र रात्र काम. दिल्लीची एसपीए, अहमदाबादची सेप्ट, खरगपूरची आयआयटी, आपल्याकडे पुण्याचं सीओईपी आणि नागपूरचं व्हीएनआयटी. बहुतेक ठिकाणी आर्किटेक्चर, प्लॅनिंग किंवा सिव्हिलची पदवी लागते, आणि भूगोल-अर्थशास्त्र-समाजशास्त्रवाल्यांना घेतात तिथेही बऱ्याचदा त्या विषयात एमए झालेलं लागतं. नुसत्या बीएवर तुला थेट मिळणं अवघड, ते आत्ताच स्पष्ट सांगतो, नाहीतर फॉर्म भरण्यात वर्ष जाईल. अर्बन पॉलिसी किंवा अर्बन स्टडीजचं एमए मात्र कुठल्याही पदवीवर करता येतं. मुंबईत टिसला, म्हणजे टाटा समाजविज्ञान संस्थेत, अधिवास अध्ययनाचा विभाग आहे, तिथे शहरी धोरण आणि प्रशासनाचं एमए आहे, त्यासाठी सीयूईटी पीजी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

आणि काही करण्याआधी तलाठ्याकडे जा, तुझ्या गावचा गाव नकाशा आणि ओढ्याकडेच्या गटांचे सातबारे-फेरफार बघ. ओढा नकाशावर अजून असेल. एवढं बघून पुढे गेलीस तर वर्गात सगळ्यांच्या पुढे असशील.

कुर्ला_पूर्व

काकांनी कायद्याचं फार छान सांगितलं. मी दुसऱ्या बाजूने लिहिते, मी लंडनला एक वर्षाचं मास्टर्स केलंय, याच विषयात, आणि आधी मुंबईत बी.कॉम होते, म्हणजे तुझ्याहून लांबची.

"हे जगात सगळीकडे होतं का" या तुझ्या प्रश्नासाठीच हे कोर्स असतात. आमच्या वर्गात लागोस, लिमा, ढाका, नैरोबी अशा ठिकाणची मुलं होती आणि पहिल्या महिन्यातच कळलं की प्रत्येकाकडे तुझ्यासारखी एक मागची वस्ती आहे, फक्त कागद वेगळे. मला प्रबंधासाठी टांझानियात दार-एस-सलामला जायला मिळालं. तिथे जमीन कायद्याने सगळी सार्वजनिक, राष्ट्राध्यक्षांच्या नावे विश्वस्त म्हणून, लोकांकडे फक्त वापराचा हक्क. तरी शहराचा निम्म्याहून जास्त भाग आखणीशिवाय वाढलाय आणि जमिनीची खरेदी-विक्री धडाक्यात चालते. कशी? तर वॉर्डाच्या खाली "म्टा" म्हणून सगळ्यात छोटं एकक असतं, त्याचा निवडून आलेला अध्यक्ष असतो, त्याच्यासमोर दोन्ही बाजूचे लोक, शेजारी साक्षीदार, हाताने लिहिलेला कागद, सही, शिक्का आणि झाला व्यवहार. मी तो कागद पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मला माझ्या काकाचा नोटरी केलेला स्टॅम्पपेपर आठवला, तो पण असाच जपून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला होता. सरकारनेही तिथे नंतर अशा घरांना ठरावीक मुदतीचे निवासी परवाने द्यायला सुरुवात केली, म्हणजे पूर्ण मालकी नाही पण कुणी उद्या उठवणार नाही एवढा कागद. आपल्याकडे गुंठ्यांचे प्लॉट नियमित करणारा गुंठेवारीचा २००१ चा कायदा आहे ना, ज्या तारखेपर्यंतचे प्लॉट त्यात बसतात ती आधी होती १ जानेवारी २००१ आणि २०२१ ला ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आणली, तोही याच जातीचा उपाय. दोन्ही शेजारी ठेवून बघितलं की कळतं, लोक नियम मोडतात म्हणून अशा वस्त्या होतात हे अर्धसत्य आहे. कायदेशीर प्लॉट ज्या भावात मिळतो तो त्या बाईच्या पगारात बसत नाही, आणि सरकार तिच्यासाठी प्लॉट पाडत नाही, म्हणून ती गुंठा घेते. हे मी तिकडे जाऊन शिकले, कुर्ल्यात राहून नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

कोर्स म्हणशील तर लंडनच्या यूसीएलमधलं डेव्हलपमेंट प्लॅनिंग युनिट यात जुनं, त्याची मुळं १९५४ पर्यंत जातात. नेदरलँडमध्ये रॉटरडॅमचं आयएचएस १९५८ चं. आणि केपटाऊनला आफ्रिकन सेंटर फॉर सिटीज आहे, ते मला मनापासून आवडतं, कारण तिथे दक्षिणेतल्या शहरांकडे दक्षिणेतूनच बघतात. पैशांचं मात्र नीट ऐक. स्वतःच्या पैशाने लंडनला जाऊ नकोस. बाबांच्या ३० गुंठ्यांतलं काही त्यात घालू नकोस, मी कर्ज काढून गेले आणि सात वर्षं फेडत होते. चेव्हनिंग या ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. जे. एन. टाटा एन्डोमेंट १८९२ पासून आहे पण ती कर्जाऊ शिष्यवृत्ती आहे, परत करायची असते. अनुसूचित जातीतली असशील तर समाजकल्याणची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, इतर प्रवर्गांच्याही आहेत, त्या त्या खात्याच्या साइटवर अटी बघ, दरवर्षी थोड्या बदलतात. माझं मत विचारशील तर आधी इथे एमए, दोन वर्षं काम, मग बाहेर.

एमपीएससी_२०१९

सगळं ठीक आहे पण नोकरीचं कोणी बोलत नाहीये. सहायक नगररचनाकार, रचना सहायक या पोस्टना सिव्हिल, आर्किटेक्चर, प्लॅनिंग असलं काहीतरी लागतं, अर्बन स्टडीजचं एमए तिथे चालत नाही. माझ्या मैत्रिणीने असं एमए केलं आणि दीड वर्ष घरी बसली. शेतकऱ्याच्या पोरीला सल्ला देताना हे पण सांगा. ताई तू राज्यसेवा दे, मुख्याधिकारी झालीस तर एक अख्खं शहर हातात येईल, त्यातून जास्त काम होईल.

कुर्ला_पूर्व

मुद्दा बरोबर आहे, मी खोडत नाही. काम मिळतं ते संशोधन संस्थांत, झोपडपट्टी-पाणी-वाहतूक यावर काम करणाऱ्या संघटनांत, सल्लागार कंपन्यांत, आणि बरंचसं कंत्राटी असतं, प्रकल्प संपला की पुन्हा शोधाशोध. पहिले तीन-चार वर्षं पगार कमी. जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे आणि माहिती जोडणं, नीट येत असेल तर खूप फरक पडतो, भूगोलवाल्यांना ते शिकायला सोपं जातं. ओढ्याकाठची, तू क्यूजीआयएस हे त्याचं सॉफ्टवेअर आत्तापासून शिक, फुकट आहे.

पण मुख्याधिकारी झाल्यावर शहर कळतं असं नाही ना. कळलेलं असेल तर त्या खुर्चीचा उपयोग होतो.

ड्रेनेज_इंजिनिअर

मी सिव्हिलवाला, सोलापूरकडचा, नगरपालिकांच्या मलनिस्सारणाची कामं करतो. मला कोर्समधलं कळत नाही पण एका गोष्टीसाठी हा विषय शिकावा असं मनापासून वाटतं म्हणून लिहितो. कराचीत ओरंगी म्हणून प्रचंड मोठी वस्ती आहे, तीही अशीच कागदाविना वाढलेली. १९८० साली अख्तर हमीद खान तिथे गेले आणि ओरंगी पायलट प्रोजेक्ट सुरू केला, हा माणूस मूळचा आग्र्याचा, पूर्वी इंग्रजांच्या काळातला आयसीएस अधिकारी. लोक म्हणाले सरकारने गटार टाकावं, सरकार म्हणे पैसे नाहीत, आणि अधिकृत दराने ते लोकांना परवडणारं पण नव्हतं. त्यांनी काय केलं तर गल्ली हे एकक धरलं. एका गल्लीत वीस-तीस घरं. गल्लीने आपला एक माणूस निवडायचा, त्याने पैसे गोळा करायचे, पाइप आणि मॅनहोलचं काम गल्लीनेच करायचं, प्रकल्पाच्या लोकांनी लेव्हल काढून द्यायची, नकाशा द्यायचा, साचे नि अवजारं द्यायची. ठेकेदार मध्ये नसला की खर्च किती खाली येतो ते मी रोज बघतो, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. घरातला संडास, गल्लीतली लाइन आणि वस्तीतली लाइन लोकांची, पुढची मोठी ट्रंक लाइन आणि शुद्धीकरण सरकारचं, अशी वाटणी.

हे वाचल्यावर मी आमच्या एका गावात गल्लीतल्या लोकांना विचारून चढउताराची नोंद केली, आणि ऑफिसच्या नकाशात जो उतार दाखवला होता तो प्रत्यक्षात उलटा निघाला. म्हाताऱ्या बाईने सांगितलं, पावसात पाणी इकडून तिकडे जातं, बरोबर उलट. आम्हाला चार वर्षांच्या डिग्रीत कुणी लोकांना विचारायला शिकवलं नाही. तुमच्या एमएवाल्यांनी ते शिकून आमच्या शेजारी येऊन बसायला पाहिजे, टेबलाच्या त्याच बाजूला.

त्याच प्रकल्पाच्या परवीन रहमान, ज्यांनी कराचीतल्या वस्त्यांचे नि पाण्याच्या लाइनींचे नकाशे वर्षानुवर्षं काढले, त्यांचा मार्च २०१३ मध्ये खून झाला. नकाशा काढणं म्हणजे कुणाचं पाणी कुठे जातं ते उघड करणं. टँकर मोजताना पोरी सांभाळून, एवढंच म्हणतो, भाऊ बरोबर असू दे.

ओढ्याकाठची

सगळ्यांचे खूप आभार, मला वाटलं नव्हतं एवढं कुणी लिहील. काका, मी काल तलाठी कार्यालयात जाऊन आले. ओढा आहे नकाशावर! दोन रेघांचा, निळा नाही, नुसता काळ्या शाईचा, आणि त्याच्या दोन्ही अंगाचे गट आता एकाच नावावर आहेत. फोटो काढू दिला नाही, नक्कल अर्ज केला.

दादा, राज्यसेवेचं घरी पण हेच म्हणतात, मी नाही म्हणत नाहीये, पण आधी मला हे समजून घ्यायचंय.

एक विचारायचं राहिलं. प्रकल्प करताना मी आईला पण प्रश्न विचारले होते. आई फुलांच्या शेतावर तोडणीला जाते, अजूनही, जिथे उरलंय तिथे. मामा आणि बाबा दोघं गोडाऊनला. मग मी फॉर्ममध्ये आमचं घर शेतीवर चालतं लिहू का नाही? सर म्हणाले कर्त्याचा व्यवसाय लिही. तसं लिहिलं पण ते बरोबर वाटलं नाही.

जनगणना_वेडा

ओढ्याकाठची, तू नकळत या विषयातल्या एका खूप महत्त्वाच्या जागी बोट ठेवलंयस, मी यासाठीच लॉगिन केलं.

भारतात एखादं ठिकाण शहर की गाव हे जनगणना कसं ठरवते माहितेय? एक तर कायद्याने नगरपालिका वगैरे असेल तर शहर. नसेल तर तीन अटी. लोकसंख्या किमान ५,०००, घनता दर चौरस किलोमीटरला किमान ४००, आणि मुख्य काम करणाऱ्या (म्हणजे वर्षात निदान सहा महिने काम असलेल्या, त्याहून कमी ते सीमांतिक) पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर. पुरुषांपैकी! बायकांचं काम त्या अटीत मोजलंच जात नाही. यामागचं कारण समजण्यासारखं आहे, बायकांच्या शेतकामाची नोंद कधी मुख्य, कधी सीमांतिक अशी बदलत राहते, पण परिणाम काय तर तुझे बाबा आणि मामा गोडाऊनला गेले की गाव शहर झालं, आई मात्र अजून फुलं तोडतेय. तिसऱ्या अटीत आई नाहीच.

या तीन अटींत बसणाऱ्या पण ग्रामपंचायतच असलेल्या ठिकाणांना जनगणना शहर म्हणतात. २००१ ला देशात १,३६२ होती, २०११ ला ३,८९४. दहा वर्षांत जवळजवळ तिप्पट. मुंबई-दिल्लीकडे सगळे बघत होते आणि शहरं वाढत होती ती हमरस्त्यालगत, एमआयडीसीच्या दारात, तुमच्यासारख्या कडेच्या गावांत. २०११ ला महाराष्ट्र ४५ टक्के शहरी होता, देश ३१ टक्के. त्यानंतरची मोजणी अजून यायचीय, २०२१ ची लांबली ती लांबलीच, आता संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरलीय. म्हणजे तू एमए करून बाहेर पडशील साधारण त्याच सुमाराला नवे आकडे येऊ लागतील आणि सोळा वर्षांत किती गावं बिनबोभाट शहर झाली ते कळेल. ते आकडे वाचणारी माणसं लागतील, आणि ज्यांच्या घरात हे घडलंय अशी लागतील.

फॉर्ममध्ये घरातल्या प्रत्येकाचा व्यवसाय वेगळा लिही. कर्त्याचा एक रकाना ही सोय आहे, वस्तुस्थिती नाही. सरांना राग येणार नाही, नीट समजावून सांग.

निवृत्त_रचनाकार

नक्कल अर्ज केलास, शाब्बास. पावती जपून ठेव. नकाशा मिळाला की क्यूजीआयएसमध्ये उपग्रह चित्रावर बसवायचा, जुन्या विहिरी, देऊळ, शिवेचे दगड हे न हललेले बिंदू धरून. एखाद-दोन बिंदूंवर बसव म्हटलं तर वाकडा बसेल, निदान सहा-सात घे.

आणि एक जोडतो. जमिनी एकत्र घेऊन, रस्ते-मोकळ्या जागा काढून उरलेला भाग मूळ मालकांना परत द्यायचा ही नगररचना परियोजना, टीपी स्कीम, ही १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यातली आपली जुनी गोष्ट. गुजरातने ती सोडली नाही, अहमदाबादची वाढ बरीचशी त्यावर झाली. आपल्याकडे मधली कित्येक दशकं ती मागे पडली आणि त्याऐवजी भूसंपादन आलं. नवी मुंबईत त्याचं काय झालं, १९८४ ला जासईत शेतकऱ्यांच्या आंदोलनात काय झालं, त्यांचे नेते दि. बा. पाटील यांचं आंदोलन, मग जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना, हे तू वाचच. कारण बाबांनी ३० गुंठे विकले तेव्हा त्यांच्यासमोर विकणे किंवा न विकणे एवढेच दोन रस्ते होते. तिसरा असू शकतो, शंभर वर्षांपूर्वीच्या कायद्यात होता. प्रबंधाला विषय हवा असेल तर मला यापेक्षा चांगला सुचत नाही.

कुर्ला_पूर्व

इंग्रजीचं राहिलं सांगायचं. पहिलं सेमिस्टर जड जातं, ते धरूनच चाल. रोज एका लेखाची दोन पानं वाचायची आणि त्याचा सारांश मराठीत लिहायचा, इंग्रजीत नाही. मराठीत लिहिता आलं म्हणजे कळलं. मी तीन वह्या भरल्या होत्या. काही शब्दांना मराठी मिळत नाही आणि काहींना आपल्याकडे जास्त चांगला शब्द असतो, गावठाण, वहिवाट, गुंठेवारी हे तिकडच्या प्राध्यापकांना मी समजावून सांगितले तेव्हा ते वहीत लिहून घेत होते.

टँकरची ती मोजणी फेकू नकोस, तारखा आणि वेळा जशाच्या तशा एक्सेलमध्ये भर. एमएच्या मुलाखतीत बहुतेक जण वाचलेलं सांगतात, तू मोजलेलं सांगशील.

ओढ्याकाठची

भरतेय आज रात्रीपासून. भाऊ वाचून दाखवतोय, मी टाइप करतेय. नकाशाची नक्कल आली की इथेच टाकते, विहिरी दोन सापडल्यात अजून, तिसरी कुठल्या इमारतीखाली आहे ते आजीला विचारून सांगते.